कुणाची गं तू?

रांगेत माझ्यापुढे सात-आठ माणसं होती. जूनअखेरचं ऊन, अंगाला चिकटणारी दमट हवा, आणि टपरीत एका काळ्याभोर लोखंडी तव्यावर मक्याच्या पिठाच्या पातळ भाकऱ्या तेलात तळल्या जात होत्या. कडा तपकिरी झाल्या की आतल्या बाई एक भाकरी उचलायच्या, तिच्यावर शिजून मऊ झालेला हिरवा पाला पसरायच्या, त्यावर डुकराच्या चरबीची तळलेली पट्टी ठेवायच्या आणि वरून दुसरी भाकरी दाबायच्या. ह्याला इथे कोलार्ड सँडविच म्हणतात. कोलार्ड म्हणजे कोबीच्या कुळातली, पण गड्डा न धरणारी पालेभाजी. वास आला आणि मला आजीच्या चुलीपुढची नागलीची भाकर नि कुर्डूची भाजी आठवली. चवीत काही साम्य नाही. पण भाकरीवर भाजी घालून हातात देण्याची रीत तीच.

मी म्हटलं, चरबी नको. बाईंनी मान वर केली. साठी ओलांडलेल्या, गव्हाळ रंगाच्या, गालाची हाडं रुंद, केस मागे घट्ट बांधलेले. कल्याणच्या बाजारात दिसल्या असत्या तर मी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "हूज युअर पीपल, हनी?"

तुझी माणसं कोण, बाळ?

सोळा वर्षं अमेरिकेत काढली. "तू मूळची कुठली?" हे शंभरदा विचारून झालंय लोकांचं, आणि दर वेळी त्या प्रश्नामागे मला एक बंद दार दिसतं. हा प्रश्न तसा नव्हता. गावी पाणंदीतून जाताना समोरून येणारी कुठलीही म्हातारी डोळ्यांवर हात धरून विचारते, "कुणाची गं तू?" तेव्हा आपलं नाव सांगायचं नसतं. आजोबांचं नाव सांगायचं, वाडी सांगायची, मग ती म्हणते, "म्हणजे अमक्याच्या भावाची नात." आणि तिच्या मनातल्या झाडावर तुमची फांदी सापडते. पेंब्रोकमधल्या त्या टपरीवर मला नेमकं तेच विचारलं गेलं होतं.

पेंब्रोक हे उत्तर कॅरोलिनाच्या रॉबसन काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) छोटं गाव. आम्ही कॅरीला राहतो, तिथून गाडीने दीड-पावणेदोन तास. कॅरीत मराठी माणसं भरपूर, गणपती मोठा होतो, आणि उन्हाळ्यात मर्टल बीचला जाताना लंबर्टनपाशी पेट्रोल भरायला आम्ही सगळेच थांबतो. तिथल्या महामार्गावरची मोटेल, जेवणाच्या साखळ्या, पंप एवढंच आमचं रॉबसन. "गरीब भाग आहे, अंधार पडायच्या आत पुढे निघायचं," असं आमच्यातच कुणीतरी सांगितलेलं. मीही कितीतरी वर्षं ते ऐकलं आणि पुढे निघाले. ह्याची आता मला लाज वाटते.

तिथे वळायला लावलं एका फॉर्मने. 2020 च्या वसंतात, सगळं बंद असताना, जनगणनेचा फॉर्म घरबसल्या भरला. वंश कोणता? "एशियन इंडियन" ह्या शब्दांपुढे खूण केली. हा आपला रकाना 1980 पासूनचा. 1970 मध्ये आपल्याला गोऱ्यांत धरलं होतं, आणि त्याही मागे, 1930 आणि 1940 मध्ये, "हिंदू" नावाचा एक वंशच होता. माणूस शीख असो की मुसलमान, भारतातून आला की वंश हिंदू. त्याच फॉर्मवर दुसरा रकाना होता: "अमेरिकन इंडियन", म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. त्याच्या पुढे आपल्या जमातीचं नाव लिहायला मोकळी जागा ठेवलेली होती. माझ्या रकान्यापुढे तशी जागा नव्हती. मी महादेव कोळी, सह्याद्रीतल्या एका आदिवासी जमातीतली. त्या मोकळ्या जागेकडे मी बराच वेळ बघत राहिले.

मग वाचायला लागले, आणि कळलं की ज्या काउंटीत आम्ही पेट्रोल भरतो तिथे ही मोकळी जागा हजारो माणसं भरतात. आणि तिथे बहुतेक जण एकच नाव लिहितात: लंबी.

रॉबसन ही जमिनीच्या क्षेत्रफळाने उत्तर कॅरोलिनातली सगळ्यात मोठी काउंटी, साडेनऊशे चौरस मैलांच्या आसपास. तंबाखू, सोयाबीन, मका, आणि मधून वाहणारी लंबर नदी. कुजलेल्या पानांच्या अर्काने तिचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. 2010 च्या गणतीत इथल्या दर 100 माणसांत 38 अमेरिकन इंडियन, 29 गोरे, 24 कृष्णवर्णीय होते. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाचे, 8, पण तो प्रश्न वंशाच्या प्रश्नापासून वेगळा विचारतात, म्हणून ते आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. शेजारच्या ब्लेडन काउंटीत 1992 साली डुकराच्या मांसाचा अवाढव्य कारखाना निघाला, त्याच्या मागोमाग मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली माणसं आली. सेंट पॉल्स गावात आता मक्याच्या भाकरीचे दोन प्रकार मिळतात. कुणाचीही बहुसंख्या नाही अशी ग्रामीण काउंटी. नुसते आकडे वाचले तर वाटतं, केवढी सुंदर सरमिसळ. पण हे लोक मिसळू नयेत म्हणून इथे किती कष्ट घेतले गेले, ते आकडे सांगत नाहीत.

लंबींचे पूर्वज म्हणजे साथींनी आणि लढायांनी मोडलेल्या अनेक जमातींची उरलेली माणसं. ती ह्या नदीकाठच्या दलदलीत आली, कारण दलदलीत कुणी पाठलाग करत येत नसे. नदीचं जुनं नावच "बुडवणारा ओढा" असं होतं. इंग्रजी त्यांनी लवकर उचलली. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगरातले लोक इथे वसायला आले तेव्हा त्यांच्यातले कितीतरी जण गेलिक बोलत. म्हणजे गोरा नवखा इंग्रजीत अडखळतो आणि दलदलीतला इंडियन सफाईने बोलतो, असं दृश्य इथे खरोखर घडलं असेल. ते स्कॉटिश नावांत अजून आहेत. मॅक्सटन हे गावाचं नाव "मॅक"वाल्यांचं गाव म्हणून पडलं. कृष्णवर्णीयांना गुलाम म्हणून आणलं गेलं, कापसासाठी आणि पाइनच्या जंगलातला डिंक-टर्पेंटाइन काढण्यासाठी.

1790 च्या पहिल्या जनगणनेत रकाने होते गोऱ्यांचे, गुलामांचे, आणि "इतर सर्व मुक्त व्यक्ती". लंबी कुटुंबं ह्या "इतर"मध्ये. 1835 मध्ये राज्याने घटना बदलली आणि गोऱ्या नसलेल्या मुक्त माणसांचा मताचा हक्क काढून घेतला. त्या "इतर"ची किंमत त्या दिवशी कळली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटी, 1865 मध्ये, गोऱ्यांच्या होमगार्डने ॲलन लाउरी आणि त्याच्या एका मुलाला गोळ्या घातल्या. दुसरा मुलगा हेन्री बेरी लाउरी दलदलीत शिरला आणि 1872 पर्यंत त्याच्या टोळीने श्रीमंत गोऱ्यांची झोप उडवली. त्या टोळीत इंडियन होते, कृष्णवर्णीय होते आणि एक स्कॉटिश घरातला गोराही होता. 1872 मध्ये हेन्री बेरी नाहीसा झाला. त्याचं प्रेत कुणाला मिळालं नाही. पेंब्रोकमध्ये त्याचं नाव घेताना लोकांचा आवाज अजून बदलतो.

नंतर सरकार ह्या लोकांना नावं देत गेलं. 1885 मध्ये क्रोएटन. ते नाव गोऱ्यांनी नुसतं "क्रो" करून शिवीसारखं वापरायला सुरुवात केली, म्हणून 1911 मध्ये नाव बदलून "रॉबसन काउंटीचे इंडियन". 1913 मध्ये "रॉबसन काउंटीचे चेरोकी इंडियन". 1953 मध्ये, त्यांच्याच मागणीवरून, नदीच्या नावावरून लंबी. एकाच घरात पणजोबा एका नावाने जन्मले, आजोबा दुसऱ्या, बाप तिसऱ्या, मुलगा चौथ्या. माणसं तीच आणि घरंही तीच. आडनावंही तीच राहिली: लॉकलिअर, ऑक्सेंडाइन, लाउरी, चेव्हिस, हंट. गावात कुणी आडनाव सांगितलं की समोरचा पुढचं सगळं ओळखतो. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

ह्या आडनावाच्या प्रश्नाला आपल्याकडे दोन धारा आहेत, हे मी विसरलेले नाही. "पूर्ण नाव काय?" हे खोली भाड्याने देताना विचारलं जातं तेव्हा ते आजीच्या "कुणाची गं तू"सारखं नसतं.

1930 च्या दशकात लंबींना केंद्र सरकारची मान्यता हवी होती. 1934 च्या कायद्यानुसार निम्मं किंवा त्याहून जास्त इंडियन रक्त असणाऱ्यांना सवलती होत्या. मग हे रक्त मोजायचं कसं? 1936 मध्ये हार्वर्डचा शारीरिक मानवशास्त्रज्ञ कार्ल सेल्टझर ह्याला पाठवलं. त्याने माणसं रांगेत उभी केली आणि कवटीची मापं घेतली, नाकाची रुंदी मोजली, केस किती कुरळे ते पाहिलं, कातडीचा रंग टिपला. 209 जणांनी अर्ज केले होते. त्यांतले 22 जण "निम्मे किंवा जास्त इंडियन" ठरले. सख्ख्या भावंडांत एक इंडियन आणि दुसरं इंडियन नाही, असाही निकाल लागला.

हे मी पहाटे अडीचला वाचलं, आणि मग मला झोप आली नाही. कारण असली रांग मला माहीत आहे.

माझे आजोबा अकोले तालुक्यातले, राजूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. दुष्काळात घाट उतरून कल्याणला आले आणि रेल्वेत गँगमन झाले. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शाळेत घालताना मास्तरांनी जात विचारली. आजोबा म्हणाले, कोळी. मास्तरांनी लिहिलं, "हिंदू कोळी". एक शब्द राहून गेला. नुसते कोळी अनुसूचित जमातीत धरत नाहीत, महादेव कोळी धरतात. चाळीस वर्षांनी मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी, त्या राहून गेलेल्या शब्दाचा हिशेब मागितला गेला. आप्पांनी रजा टाकून टाकून दीड वर्ष खेटे घातले. शेवटी चुलत पणजोबांची एक नोंद गाव नमुना 14 मध्ये सापडली, मोडीत लिहिलेली. ती वाचून घ्यायला मोडी जाणणारे गृहस्थ शोधावे लागले. त्यांनी भिंग धरलं, बोटाने ओळ फिरवली आणि "महादेव कोळी" असं मोठ्याने वाचलं तेव्हा आप्पा खुर्चीत मागे टेकले. ती हालचाल मी विसरणार नाही.

पण कागद पुरला नाही. एका कार्यालयात आप्पांना समोर उभं करून विचारलं गेलं: कुलदैवत कोणतं? लग्नात हळद कोण लावतं? मेल्यावर काय करतात? सणाला काय रांधतात? आप्पा कल्याणच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेले. त्यांना जे आठवलं ते सांगितलं, जे आठवलं नाही तिथे गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची नोंद झाली. ह्या परीक्षेचं कागदोपत्री नाव "आप्तभाव चाचणी". आप्तभाव! आजीच्या "कुणाची गं तू"मध्ये जे असतं तेच. मराठीतल्या इतक्या मायेच्या शब्दाला चाचणी हा शब्द जोडलेला मी पहिल्यांदा तिथे पाहिला. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा लाटणारे आहेत, पडताळणी लागणारच, हे मला मान्य आहे. आमच्याच वाड्यांतल्या मुलांच्या जागा त्यात गेल्या आहेत. तरीही माणसाला उभं करून त्याच्याच घराची परीक्षा घेणं किती खोल लागतं, हे आप्पांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. मी आप्पांना फोन करून बातमी वाचून दाखवली. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं. पुढच्यांना बरं."

नाकं मोजण्याचं वेड भारताला नवीन नाही. 1901 च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले, नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा नियम मांडत होता. बाबासाहेबांनी त्याच शास्त्रातली मापं हाती घेतली आणि दाखवलं की ती खरी मानली तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये कवट्या मोजत होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर ह्यांना हवं होतं की गोऱ्यांची कवटी वेगळी, म्हणून बुद्धी वरचढ, हे सिद्ध व्हावं. बाईंनी मापं घेतली आणि मापं तसं सांगत नाहीत असं लिहून दिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या हाती पदवी त्याच्याच तोंडावर. सेल्टझरच्या हातात बाईंची वही असती तर, असं मला राहून राहून वाटतं.

रॉबसनमध्ये तिसरा वंश म्हणजे तिसरी भिंत. दक्षिणेत इतरत्र शाळा दोन, इथे तीन. लंबर्टनच्या सिनेमागृहात खाली गोरे, वरच्या सज्जात एका बाजूला कृष्णवर्णीय, दुसऱ्या बाजूला इंडियन. 1887 मध्ये राज्याने इंडियन शिक्षक घडवायची शाळा मंजूर केली. शिक्षकाच्या पगाराला 500 डॉलर दिले, इमारतीला काही नाही. लोकांनी वर्गणी काढून ती बांधली. 15 विद्यार्थी आणि एक शिक्षक. त्याचंच आज पेंब्रोकचं विद्यापीठ झालंय. आणि ह्याच शाळेच्या दाराशी लंबींनी आपल्यातल्याच माणसांच्या समित्या बसवल्या, कुणाच्या घरात काळं रक्त आहे ते शोधायला. ज्यांना हाकललं होतं त्यांनीच दुसऱ्याला हाकललं. मी हे वाचून पुस्तक मिटलं. पण खरं आहे ते लिहायला हवं, कारण आमच्या वाडीतही ठाकरांच्या घरचं पाणी न पिणारे होतेच.

शाळा एकत्र झाल्यावरही चलाखी संपली नाही. गावांची शाळामंडळं वेगळी, काउंटीचं वेगळं. गावातले मतदार, बहुतेक गोरे, दोन्हीकडे मत देत. काउंटीच्या शाळांतली मुलं बहुतेक इंडियन आणि कृष्णवर्णीय. हे दुहेरी मतदान न्यायालयाने 1975 मध्ये थांबवलं.

18 जानेवारी 1958 ची रात्र मात्र इथल्या तिसरी-चौथीतल्या पोरालाही पाठ आहे. एक इंडियन कुटुंब गोऱ्यांच्या वस्तीत राहायला गेलं, एक इंडियन बाई गोऱ्या माणसाबरोबर फिरते अशी वदंता, म्हणून कू क्लक्स क्लॅन ह्या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेने क्रॉस जाळले आणि मॅक्सटनजवळ हेझ पाँडच्या काठी सभा ठेवली. जेमतेम शंभर क्लॅनवाले, एक ध्वनिक्षेपक, एक विजेचा दिवा. अंधारातून काही शे लंबी पुढे आले, त्यांच्यात दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते. गोळी दिव्याला लागली. अंधार झाला, आणि क्लॅन पळालं. त्यांचा पुढारी कॅटफिश कोल दलदलीत लपला. त्याच्या बायकोची गाडी खड्ड्यात अडकली तेव्हा लंबी पुरुषांनीच ती ढकलून बाहेर काढून दिली, असं सांगतात. कुणी मेलं नाही. मला ती ढकललेली गाडी फार आवडते, दिव्यावरच्या गोळीपेक्षाही.

ह्या घटनेच्या दोन वर्षं आधी, 1956 मध्ये, अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, कायदा करून लंबींना नाव दिलं आणि त्याच कायद्यात लिहिलं की इंडियन म्हणून मिळणाऱ्या सेवा ह्यांना मिळणार नाहीत. त्यांना करार नाही, राखीव प्रदेश नाही, जुनी भाषा उरली नाही, हे आक्षेप होते. त्यांचं इंग्रजी मात्र वेगळंच आहे. रॉलीच्या विद्यापीठातल्या भाषाभ्यासकांनी ते टिपून ठेवलंय. गोड कॉफीला ते "एलिक" म्हणतात, बेचकीला "जुव्हेंबर". भाषा गेली म्हणणाऱ्याने एकदा टपरीवर उभं राहून कान द्यावा.

2016 मध्ये मॅथ्यू वादळ आलं, 2018 मध्ये फ्लॉरेन्स. दोन्ही वेळा लंबर नदी लंबर्टनच्या घरांत शिरली. त्याआधी 2001 मध्ये बुटांचा मोठा कारखाना बंद पडला होता. 2010 मध्ये काउंटीत 1,34,168 माणसं होती, 2020 मध्ये 1,16,530. जी गेली त्यांतली कितीतरी कॅरी-रॉलीकडेच आली असतील, माझ्या शेजारच्या रांगेत कॉफी घेत असतील. पण दर वर्षी जूनच्या शेवटी गाड्या उलट दिशेने निघतात. होमकमिंग. त्याच दिवसांत मी त्या टपरीवर उभी होते.

"हूज युअर पीपल?"

मी आप्पांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं. म्हटलं, भारतातली, महाराष्ट्रातल्या डोंगरातली, आमची जमात आहे. जमात ह्या शब्दावर बाईंचा हात थांबला. "यू गॉट पेपर्स?" त्यांनी विचारलं. चौकशी म्हणून नाही, एका घरातलीने दुसरीला विचारावं तसं. मी म्हटलं, आहेत, पण वडिलांना दीड वर्ष लागलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या सँडविचवर पाल्याचा आणखी एक डाव घातला आणि पैसे घेतले नाहीत. मागच्या माणसाला त्यांनी लगेच विचारलं, आईची तब्येत कशी आहे.

संध्याकाळी आप्पांना फोन लावला. तिकडे पहाट होती, ते चहा घेत होते. सेल्टझरची गोष्ट सांगितली. त्यांनी मधेच थांबवून आकडे पुन्हा विचारले.

"209 तले 22?"

"हो."

"म्हणजे एकशे सत्त्याऐंशी राहिले. त्यांचं काय झालं?"

"घरी गेले असतील, आप्पा. तंबाखू लावली असेल."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

"त्या बाईंना काय सांगितलंस?"

"तुमचं नाव. आजोबांचं नाव. महाराष्ट्र."

"वाडीचं नाव सांगितलंस?"

"नाही."

"पुढच्या खेपेला वाडीचं नाव सांग."